आक्काचा एकटीचा फोटो

२०२३ साल. मला बाहत्तरावं चालू होतं आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डावा डोळा मी तरुणपणीच घालवून बसलो होतो. निपाणीत फोटोचं काम शिकत असताना फोटो धुवायच्या औषधाची बाटली फुटली, आणि तेव्हापासून त्या डोळ्यात नुसता उजेड येतो, माणूस येत नाही. लोक विचारायचे, एका डोळ्यानं फोटो कसा काढतोस? मी म्हणायचो, कॅमेऱ्याला तरी दोन कुठं आहेत? त्या एका डोळ्यावर मी संसार केला आणि शहापुरात स्टुडिओवर मजला चढवला.

तर तो एक डोळा धुरकटायला लागला. टिळकवाडीतल्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "आज्जा, काढून टाकू या. चहा पिऊन येईस्तोवर होतंय." मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नको' हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून डॉक्टरकडं गेलो होतो हेच मी कुणाला सांगितलं नाही. दोन डोळे असणाऱ्यानं एकाला सुरी लावून घ्यावी. माझ्याकडं दुसरा शिल्लक नव्हता.

खालच्या दुकानात मुलगा मोबाईल विकतो. वरची खोली मात्र मी त्याला दिली नाही. तिच्या छपरात उत्तरेच्या अंगाला कौलांऐवजी काच आहे. त्या काचेतून दिवसभर सारखा, मऊ उजेड उतरतो, आणि त्या उजेडात माझा लाकडी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा असतो. मुलगा म्हणायचा, आप्पा, आता सगळं मोबाईलमधी होतंय, रंग काढून टाकला की झाला काळापांढरा. मी त्याला म्हटलं, आमटीतलं मीठ काढलं म्हणून तिची बासुंदी होत नाही. चौथी शिकलेला माणूस आहे मी, पण एवढं मला कळतं. काळ्यापांढऱ्यात रंग नसतो असं नव्हे, तिथं सगळं वजन उजेडावर येतं. नाकाची सावली गालावर किती पडते, कपाळ किती उघडं राहतं, यावर माणूस गर्विष्ठ दिसतो की दमलेला, ते ठरतं.

त्या उन्हाळ्यात आक्काची नात माझ्याकडं आली. आक्का माझी थोरली बहीण. वडगावात राहते आणि जन्मभर हातमागावर साड्या विणत आली. नात बेंगळूरला कपड्यांच्या फॅशनचं शिकून परत आलेली. आज्जीच्या आणि आजूबाजूच्या मागांवरच्या साड्या ती बाहेरगावी विकते. बेंगळूरला तिच्या साड्यांचं प्रदर्शन होतं आणि तिला दारातच लावायला एक मोठा फोटो पाहिजे होता.

"काळापांढरा पायजे, आज्जा. फिल्मवरचा. फिल्मचा डबा मी मागवलाय. तुमच्या लाकडी कॅमेऱ्यातच बसतोय, विचारून घेतलंय."

"कुणाला बसवणार?" मी विचारलं.

"आज्जीला. तिनंच विणलेली साडी नेसून."

मी हसलो. "तुझी आज्जी एकटी फोटोला बसली तर मी हा कॅमेरा चुलीत घालतो."

"मग चूल पेटवा," पोरगी म्हणाली. "ती हो म्हणालीया."

मी का हसलो ते सांगायला पाहिजे. आमच्या भागात जुन्या माणसांची एक समजूत आहे. म्हातारपणी एकट्याचा फोटो काढला की तो हारासाठीच काढला. भिंत फोटोची वाट बघते आणि फोटो हाराची. लग्नात, बारशात, घोळक्यात उभं राहायला कुणाची ना नसते. एकट्यानं खुर्चीवर बसायचं म्हटलं की माणसं पाय मागं घेतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बायका सणाला माझ्या उस्तादाकडं फोटोला यायच्या, त्या पण कधी एकट्या बसायच्या नाहीत, जावेला नाहीतर शेजारणीला ओढून आणायच्या.

म्हणून आमची आई गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो नव्हता. त्या काळी अशा वेळी गेलेल्या माणसाला आंघोळ घालून, लुगडं नेसवून, खुर्चीत टेकवून बसवायचे आणि फोटोग्राफरला बोलवायचे. आमच्या घरी फोटोग्राफर मीच. मी तो फोटो काढला. मग छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशनं मिटलेल्या पापण्यांच्या जागी डोळे रंगवले. धंद्यात आम्ही त्याला डोळे उघडणं म्हणायचो. मी पुष्कळांच्या घरातल्या माणसांचे डोळे उघडलेत आणि लोक हात जोडून फोटो घेऊन गेलेत. आक्कानं आईचा फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही आई न्हवं. हे तू काढलेले डोळे हाईत." मी म्हटलं, चांगले काढलेत. आजही म्हणतो चांगले काढलेत. पण त्यानंतर आक्कानं माझ्या कुठल्याही फोटोला चांगलं म्हटलं नाही.

आता ती बसायला तयार होती. का, ते पोरीनं सांगितलं. दवाखान्यात आक्काच्या छातीच्या ठोक्यांचा कागद काढला होता आणि तो बरा नव्हता. घरी येऊन ती म्हणाली होती, "मी गेल्यावर तो माझे डोळे काढत बसंल. त्यापरास जित्तेपणी माझे मी देते."

ज्या दिवशी आक्का आली त्या दिवशी मी सकाळपासून काच पुसत होतो. ती जिना चढून आली, धापा टाकत खुर्चीवर बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं. "एकच काढायचा. फसला तर फसला. दुसऱ्यांदा मी बसणार न्हाय."

"माझा फसत न्हाय," मी म्हटलं.

"आईचा फसला."

पोरगी मधे पडली. तिनं पिशवीतून साडी काढली. तांबडीलाल साडी, हिरवा काठ. फार देखणी. मी म्हटलं, ही चालणार नाही. पोरीचं तोंड उतरलं.

"आज्जा, सगळ्यात जास्त हीच खपते."

"खपू दे. काळ्यापांढऱ्यात हे तांबडं नि हे हिरवं सख्खी भावंडं. एकाच रंगाची दिसणार. काठ कुठं सुरू झाला ते तुला हुडकावं लागंल."

तिनं मोबाईल काढला, साडीचा फोटो घेऊन रंग उडवला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाली, "व्हय की." एवढं कबूल करणारी पोरं मला आवडतात. मग आक्कानं नेसलेल्या साडीकडं माझं लक्ष गेलं. काळ्यावर जाणारी गडद निळी, तिला पांढरा करवती काठ, दातेरी. तीही तिच्याच मागावरची, आठवडी बाजाराला नेसायची. मी म्हटलं, हीच राहू दे. आक्का म्हणाली, "ही जुनी हाय." मी म्हटलं, "तू कुठं नवी हाईस?" त्यावर ती पहिल्यांदा हसली. तेवढ्यापुरतं मला वाटलं, जमेल.

तिला काचेखाली बसवलं, तोंड थोडं उजेडाकडं, हात मांडीवर. पदर पुढून घेतला, तो हातावरून गुडघ्यापर्यंत उतरला आणि पांढरे करवती दात उजेडात उठून दिसायला लागले. मी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आत गेलो.

ज्यांनी हा कॅमेरा बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागं एक घासलेली काच असते. समोरचं माणूस तिच्यावर उलटं उमटतं, डोकं खाली, पाय वर. ते स्पष्ट होईस्तोवर स्क्रू फिरवायचा. मग काचेच्या जागी फिल्मची पेटी सरकवायची. एकदा पेटी आत गेली की पुढं काही दिसत नाही. जे बघायचं ते आधी बघून घ्यायचं.

मी बघितलं. काचेवर धुकं होतं.

स्क्रू पुढं घेतला, मागं घेतला. डोळ्याला भिंग लावलं. कापडाच्या आत उजेड आधीच कमी, त्यात माझा डोळा. धुक्यात एक पांढरी दातेरी रेघ तेवढी यायची आणि जायची. ती साडीचा काठ. तोंडाच्या जागी करडा गोळा. डोळे कुठं आहेत ते मला अंदाजानं कळत होतं, दिसत नव्हतं. बाहेरून आक्काचा आवाज आला.

"आत झोपलास काय रं?"

"गप बस. हलू नकोस."

"हलत न्हाय. मान हलतीया ती माझी न्हाय, वयाची हाय."

ते खरं होतं. तिची मान बारीक थरथरत होती. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड बारीक केलं की पुढचं मागचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट येतं, माझी चूक झाकली गेली असती. पण मग उजेड आत यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात मान हलणार आणि सगळाच चेहरा पुसला जाणार. तोंड मोठं ठेवलं तर क्षणात काम होतं, पण मग जिथं नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं. वीतभर पुढं किंवा मागं झालं की गेलं.

कापडातून बाहेर येऊन सांगता आलं असतं. आक्का, मला दिसत नाही. एवढंच वाक्य. मी ते तोंडात धरून उभा राहिलो. समोर ती बसली होती, तिची धाप ऐकू येत होती, आणि डोळे सरळ माझ्यावर असणार. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या खुर्चीवर बसली होती. मी बाहेर आलो नाही. काठाची रेघ जिथं सगळ्यात पांढरी दिसली तिथं स्क्रू आवळला, मनाशी म्हटलं, चेहरा याच्या आसपासच असणार, आणि तोंड मोठं ठेवलं. पेटी सरकवली. "श्वास धर," म्हटलं. तिनं धरला. मी बटण दाबलं.

"झालं?" आक्का म्हणाली.

"झालं."

"आला?"

"धुतल्याबिगर काय सांगू?"

ती जिना उतरताना कठड्याला धरून थांबली आणि वर न बघता म्हणाली, "एक हार झाला माझा." मग पोरगी तिला रिक्षात बसवून परत आली, कारण फोटो तिला दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं बेंगळूरला न्यायचा होता.

फिल्म अंधारात धुवायची असते. पूर्ण काळोख, तांबडा दिवापण नाही. तिथं माझ्यात आणि डोळेवाल्यात फरक नाही. एका थाळीतून दुसऱ्या थाळीत, बोटांच्या टोकांनी, मनात मोजत. तेवढा वेळ मला बरं वाटलं. मग दिवा लावला, ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मोठं भिंग डोळ्याला लावलं. असं अगदी जवळून, भर उजेडात, मला अजून दिसतं.

काठ आला होता. असा काठ मी जन्मात कधी टिपला नव्हता. दाताला दात, सुताला सूत, हाताच्या शिरासुद्धा. वर गेलो. गळ्याशी सगळं मऊ व्हायला लागलं, हनुवटीशी विरघळलं, आणि डोळ्यांच्या जागी दोन सावल्या होत्या. बुबुळ नाही, पापणी नाही.

पोरीला मी ती फिल्म दाखवली नाही. फिल्म वाळल्यावर कागदावर छापलं. थाळीतल्या औषधात फोटो उमटायला लागला तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. साडी आधी आली नि तिच्यात काठ, मग हात, मग तो पुसट चेहरा.

"आज्जा," ती म्हणाली, "हे कसं सुचलं तुम्हाला? चेहरा असा मागं ठेवलाय नि साडी पुढं. मोठमोठे लोक मुद्दाम असं करतात. माझ्या साड्या नेसून बाकीच्या पोरींनी काढलेले सगळे फोटो याच्यापुढं फिके पडले."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या नजरेनं फोटो खरंच चांगला होता. दारात लावला असता तर लोक थांबले असते. मला फक्त मान हलवायची होती. बाहत्तर वर्षांच्या माणसाला असं कौतुक रोज मिळत नाही, आणि मला कौतुक आवडतं, ते मी लपवत नाही.

तिनं तिथूनच आज्जीला फोन लावला. "आज्जी, फोटो लई भारी आलाय." पलीकडून आक्का काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण ती फोनवर शेतातनं हाक मारल्यासारखी बोलते.

"डोळे कसे आलेत? त्याच्याकडं दे."

पोरीनं फोन माझ्या कानाला लावला. माझे हात औषधात भिजलेले होते.

"आलेत का रं डोळे?"

"सकाळी येतो घेऊन," मी म्हटलं.

"आलेत का न्हाय ते सांग."

"सकाळी येतो म्हटलं की."

"ये," आक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पोरगी गेल्यावर मी दिवाबत्तीच्या वेळेला टेबलापाशी बसलो. कपाटातून जुना ब्रश काढला. त्याला अजून टोक होतं. शाईची वडी ओली केली. आक्काचे डोळे मला तोंडपाठ आहेत. डाव्याची पापणी उजव्यापेक्षा जरा खाली, कडेला एक तीळ. दिसलं नाही तरी हात काढेल, हाताला ती सवय आहे. जरा काम केलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पोरीला तर नाहीच. ब्रश फोटोच्या वर धरला आणि माझा हात तिथंच राहिला. जे डोळे मी आजवर रंगवले, ते सगळे गेलेल्या माणसांचे होते. आक्का वडगावात बसून सकाळची वाट बघत होती. मी ब्रश पाण्यात बुचकळला, पुसला आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो घेतला नाही, कॅमेरा घेतला. तिकाटणं, काळं कापड, फिल्मची पेटी, सगळं रिक्षात घालून वडगावला गेलो. आक्का मागाशेजारी पाटावर बसली होती. नात चहा गाळत होती.

"फोटो कुठं हाय?" आक्कानं विचारलं.

"ठेवलाय घरात. साडी आलीया त्यात, तू न्हाय आलीस."

"आज्जा, असं काय बोलताय," पोरगी म्हणाली. "मी बघितलाय की फोटो."

"तुला कापड पायजे होतं, ते तुला मिळालंय. दुपारी घेऊन जा. ही आक्काची नि माझी गोष्ट हाय." मग मी आक्काकडं वळलो. उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर शब्द फिरले असते. "मला काचेवर काय दिसत न्हवतं, आक्का. मोतीबिंदू झालाय. अंदाजानं काढला. डोळे गेले."

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि तसल्या डोळ्यानं मला बसवलास. श्वास धर म्हणालास." ती रागावली नव्हती, ते जास्त अवघड होतं. "रात्री रंगवले न्हाईस व्हय?"

"न्हाय."

"ब्रश काढलातास?"

तिला उत्तराची गरज नव्हती, ती मला पाळण्यातला असल्यापासून ओळखते.

"परत बस म्हणायला आलोय," मी म्हटलं.

"एकदा म्हणजे एकदा. मी सांगितलंतं."

"सांगितलंतंस."

तिनं कप उचलला, फुंकर मारली, अर्धा चहा प्याली. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला धरून उभाच होतो. परत जायला सांगितलं असतं तर गेलो असतो.

"दोघांच्या फोटोला कोण हार घालत न्हाय," आक्का म्हणाली.

"काय?"

"तू माझ्याशेजारी बस. मग बसते मी. एकटी न्हाय बसणार."

"मी बसलो तर काढणार कोण?"

"ही हाय की. तिला चांगले दोन डोळे हाईत."

मी त्या कॅमेऱ्याला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, माझ्या मुलालासुद्धा. पोरगी माझ्याकडं बघत होती, चहाची गाळणी तशीच हातात. पडवीत उजेड चांगला होता तिथं तिकाटणं उभं केलं, कॅमेरा बसवला, आणि काळं कापड वर उचलून धरलं.

"ये आत," मी तिला म्हटलं. "उलटं दिसंल, भिऊ नकोस. हा स्क्रू. आज्जीच्या डाव्या डोळ्याच्या कडेला तीळ हाय. तो दिसंस्तोवर फिरव. तीळ दिसला की थांब, काठाकडं बघू नकोस."

ती आत गेली. मी आक्काच्या पाटाशेजारी दुसरा पाट ओढला, टोपी नीट केली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो.